डाव्या बाजूचं दार

आत्या, तुम्हाला जाऊन महिना होत आला. दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागे सरकायच्या आत तो आला, आणि तुमचे थोरले, भाऊ, डोळे पुसत म्हणाले, "बघा, आईचा जीव कशात अडकला नव्हता." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी परततानाच कळलं की कावळ्याने जरा घाई केली होती.

ते सांगणारच आहे. पण मला कुठलीही गोष्ट मधूनच सांगता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. "हिला भाजीत मीठ किती टाकलं विचारा, ही बी पेरल्यापासून सांगती," असं तुम्ही माझ्या नणंदेला सांगत असायचात. तर तसंच सांगते.

दहाव्याला लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. मामंजी लवकर गेले, दोन मुलं आणि एक मुलगी तुम्ही फुलांवर मोठी केली, मखमलाबादच्या आपल्या मळ्यातला झेंडू गणेशवाडीच्या बाजारात तुमच्या नावावर विकला जायचा, हे सगळं बोलून झालं. सगळं खरंच आहे. गाडीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. मला तर तुम्ही आठवता त्या त्या गाडीतच, डाव्या बाजूला, पायाशी ओली टोपली घेऊन बसलेल्या. घरात आपण सासू-सून होतो, आणि सासू-सुनांनी जेवढं बोलायचं तेवढंच बोलत होतो. दूध उतू गेलं, पाणी गेलं, गॅस संपला. गाडीत बसलो की तुमचं तोंड सुटायचं. मामंजींचा राग, नणंदेच्या सासरची भांडणं, आणि एकदा, फक्त एकदाच, भाऊंच्या आधी झालेल्या आणि सव्वा महिन्यात गेलेल्या मुलाची गोष्ट. ती तुम्ही समोरच्या काचेकडे बघत सांगितलीत आणि बाजार आल्यावर टोपली उचलून उतरून गेलात.  त्यावर काय बोलायला हवं होतं ते आजही सुचत नाही.

गाडी घेतली तेव्हा पूर्वा माझ्या कडेवर होती. आपली फुलं तेव्हा भाड्याच्या टेम्पोत जायची. टेम्पोवाला गावभर माल गोळा करत यायचा, आपल्याकडे शेवटी, आणि बाजारात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं घरी गेलेली असायची. त्याच सुमारास मला सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली. मखमलाबादहून सिन्नर म्हणजे दोन बस बदलून जायचं आणि दोन बदलून यायचं. घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की ही महिनाभर जाईल आणि आपणहून सोडेल. तुम्ही दोन अडचणी एका दोऱ्यात ओवल्यात. "गाडी घ्या एक जुनी. फुलं बी जातील आन् ही बी जाईल."

भाऊंनी विचारलं, "आन् चालवणार कोण?" ह्यांना स्कूटरच्या पलीकडे काही जमत नव्हतं, भाऊंचा मळा आणि संसार वेगळा होता. मी म्हणाले, मी चालवते. नामपूरला वडिलांचा ट्रॅक्टर मी शाळेत असल्यापासून चालवत होते, कांद्याची ट्रॉली घेऊन मार्केटला गेले होते. भाऊ हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "ट्रॅक्टर येतो तिला. ही तर त्याच्या निम्मी बी नाय."

सातपूरच्या एका बेकरीवाल्याची जुनी छोटी पिकअप मिळाली. निळ्या रंगाखालून पावाच्या लादीचं चित्र अजून पुसट दिसायचं. ह्यांनी इंजिन बघितलं, मी स्टेअरिंग आणि ब्रेक बघितला, आणि तुम्ही म्हशीच्या बाजारात फिरावं तशा गाडीभोवती फिरलात. टायर दाबून बघितलात. वाकून पोटाखाली बघितलंत. मग मालकाला विचारलंत, "कितव्या वेताची?" तो बिचारा गोंधळला. मी सांगितलं, कितव्या मालकाची म्हणून विचारतायत. तो म्हणाला, मी दुसरा, तुम्ही घेतली तर तिसऱ्या. तुम्ही मान हलवलीत. "तिसऱ्या वेताची म्हैस लाथ मारत नाय. घेऊन टाका."

मारायची लाथ, अधूनमधून. पण एवढ्या वर्षांत तिच्याकडून मी एक गोष्ट शिकले. जुनी गाडी वाईट नसते, तिला रोज विचारावं लागतं. सकाळी खालच्या घमेल्यात किती ऑइल गळलंय, रेडिएटरचं पाणी किती उतरलंय, हे बघितल्याशिवाय मी चावी लावली नाही. थंडीत इंजिनाचा हीटर लावून थांबावं लागायचं. किती वेळ थांबायचं याचा आपला हिशेब ठरलेला होता, तुमची मिश्री लावून होईपर्यंत. तुम्ही चूळ भरलीत की मी चावी फिरवायची, आणि गाडी चालू व्हायची. माझी घाई असली तरी तुम्ही मिश्री उरकती घेतली नाहीत. दर अमावास्येला तुम्ही बोनेटसमोर नारळ फोडायचात आणि मी खाली शिरून ग्रीस भरायचे. देवाचं तुमच्याकडे, सांध्यांचं माझ्याकडे. नारळ विसरला असं झालं नाही, त्यामुळे ग्रीसही विसरलं नाही. वडाळा नाक्यावरचे सलीम मिस्त्री म्हणायचे, नवीन गाड्यांना एवढं कोणी बघत नाही.

भांडण होतं ते टोपलीचं. झेंडूची क्रेटं मागे हौद्यात जायची, त्याला माझी हरकत नव्हती. पण गुलाबाच्या जुड्या आणि लिली तुमच्या टोपलीत, वर ओलं गोणपाट, आणि टोपली केबिनमध्ये, तुमच्या पायाशी. रोज. पाणी गळून खाली डबकं व्हायचं, मॅट कायम ओली, पावसाळ्यात वास. मी सांगून दमले.

"आत्या, टोपली मागे ठेवा. पत्रा सडतोय."

"मागं वारा लागतो. गुलाबाची पाकळी काळी पडती."

"पाकळी पडेल तर पडेल. गाडी सडली तर काय करायचं?"

"गाडी फुलांसाठी हाय का फुलं गाडीसाठी?"

 पुढे तुमच्या पायाखालचा पत्रा खरोखर सडला. सलीम मिस्त्रींनी तिथे दुसरा पत्रा ठोकून दिला, तुम्ही त्यावरही टोपली ठेवलीत. या भांडणात माझंच बरोबर होतं, आत्या. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही.

पण तो पत्रा ठोकायच्या आधी मोहदरीच्या घाटाचा दिवस आला. सकाळी तुम्हाला बाजारात सोडून मी पुढे निघाले, आणि अर्ध्या घाटात क्लच गेला. मागे ट्रकची रांग, प्रत्येक जण हॉर्नवर हात ठेवून बसलेला. एका ट्रॅक्टरवाल्याने दोर लावून बाजूला ओढलं, कामावर खाडा झाला आणि मी घरी आले ती मिस्त्रींच्या माणसाबरोबर. भाऊंना कोणीतरी आधीच सांगितलं होतं. ते संध्याकाळी आले, चहा घेतला नाही. वाईट माणूस नाही ते, घाबरले होते, आणि घाबरले की ते चिडतात.

"बाईमाणूस घाटात एकलं उभं राहतं, हे मला नाय चालणार," ते ह्यांना म्हणाले. "आता गाडीची अजून एक तक्रार आली, तर मी स्वतः नेऊन भंगारात घालतो. आता माझा टेम्पो आलाय, फुलं त्यात येतील. नोकरीचं तुम्ही बघा."

नोकरीचं बघा म्हणजे नोकरी सोडा, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं. हे न प्यायलेला चहा आत ठेवायला गेले. मी गप्प, कारण बोलले असते तर तोडूनच बोलले असते. तुम्ही लसूण सोलत होतात, सोलत राहिलात. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. गाडी घ्या म्हणणाऱ्या तुम्ही, आणि आता एक शब्द नाही.

त्या दिवसापासून मी गाडीची कुरकुर घरात आणायची बंद केली. फॅनबेल्ट बदलला, चाकावरच्या पाट्यांचं एक पान तुटलं, एकदा तर ब्रेकचं ऑइल गळून पेडल पार खाली गेलं. सगळं मिस्त्रींकडे, कामावर जाता-येता. त्यांना सांगून ठेवलं होतं, घरी बोलायचं नाही. "नाही ताई, माझ्या पोटात राहतं," ते म्हणायचे. त्यांच्या पोटात काय काय राहतं ते मला आत्ता कळलं.

तोरण त्यानंतर सुरू झालं. कधी ते नीट आठवत नाही, घाटानंतरच्या वर्षी असावं. गणेशवाडीत उतरलात की तुम्ही दाराला एक तोरण बांधायला लागलात. वीतभराचं, जाड सुतळीत झेंडू ओवलेलं. एक टोक दाराच्या बाहेरच्या हँडलला, दुसरं हौद्याच्या कडीला, दोर बांधायची कडी असते ना तिला. तोंडाने काहीतरी पुटपुटत गाठ मारायचात, एकदा ओढून बघायचात आणि गाडीवर थाप मारायचात, जा म्हणून. दसऱ्याला गाडीला हार घालतात तो मला समजतो. रोज?

"आत्या, रोज काय आहे हे? कारखान्याच्या गेटवर हसतात मला. वॉचमन म्हणतो, तोरणवाली गाडी आली."

"हसू दे. गाडीला बरं असतं."

"दृष्ट लागण्यासारखं काय आहे हिच्यात?"

"तू चालवती ना. तेवढं बास हाय."

मी समजले, घाटाची भीती बसलीय, देवाचं काहीतरी चाललंय. बाईने एवढं आयुष्य फुलं ओवण्यात घालवलंय, एक तोरण जास्त. मी नाद सोडला. टोपली रिकामी करून तुम्ही ती परत डाव्या सीटवर ठेवायचात, "ही माझी जागा, हितं कोनाला बसवू नको." नाशिकरोडहून येणारी माझी एक मैत्रीण एकदा गाडीत येते म्हणाली. मी सीटवरची टोपली आणि दारावरचं तोरण दाखवलं. ती म्हणाली, "सासूबाई नसल्या तरी सीट त्यांचीच." बिचारी बसनेच येत राहिली.

आणि तुमचा तो हात. त्याच सुमारास तुम्ही दाराची कडी धरून बसायला लागलात. गाडीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत. वळणावर तर बोटं पांढरी पडेपर्यंत. सुट्टीच्या दिवशी पूर्वा बरोबर असली की तिला मध्ये बसवायचात, आणि ती खिडकीसाठी रडायची. "खिडकी म्हाताऱ्यांची असती," तुम्ही सांगायचात. आजी हावरट आहे, असं ती मला कानात सांगायची. मला त्या हाताचा राग यायचा. मी वेगात चालवत नव्हते. घाटातसुद्धा कधी कोणाला ओव्हरटेक केलं नाही. आणि शेजारी बसलेलं माणूस असं जीव मुठीत धरून बसलं की चालवणाऱ्याला काय वाटत असेल?

एका खंडेनवमीला तुम्ही माझ्या कारखान्यात आलात, आठवतं? मशिनची पूजा होती, फुलं आपल्याकडूनच घेतली होती, आणि तुम्ही म्हणालात, "हार मी घालीन, मंग कळल माझी सून कुठं जाती ते." नाशिकरोडच्या पुढे तुम्ही त्या रस्त्याने कधी गेल्या नव्हतात. स्टोअरमध्ये आलात आणि रॅककडे बघत राहिलात. नट, बोल्ट, वायसर, बेअरिंग, सगळं खण करून लावलेलं. साहेब बाजूला उभे होते. तुम्ही त्यांना विचारलंत, "एवढे खिळे हिच्या एकटीच्या ताब्यात?" ते हो म्हणाले. तुम्ही जाल तिथे मशिनला हार घातलात, आणि माझ्या टेबलालाही घातलात. टेबलाला हार घालतात का, असं कोणीतरी विचारलं. "तिचं तेच मशिन हाय," तुम्ही म्हणालात.

परत येताना घाट उतरायला लागलो आणि तुमचा हात पुन्हा कडीवर. दिवसभर एवढी खूश होते मी, आणि त्या हाताने सगळ्यावर पाणी पडलं.

"आत्या, सोडा ना तो हात. माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?"

तुम्ही पुढे बघत होतात. "भरवसा नसता तर बसले असते का?"

"मग धरता कशाला?"

"हाताला सवय हाय. धरू दे त्याला."

आणि विषय बदलायला माझ्या माहेरच्या बोलीची नक्कल केलीत, "का वं, गाडी बरी शे ना?" तुमचं 'शे' ऐकून मी नेहमी हसायचे, तेव्हाही हसले. पण ते मनात राहिलं. पुढेही कितीदा म्हणाले असेन, आत्या, हात सोडा. तुम्ही नाही सोडलात.

शेवटी तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा बोलावते म्हटलं, तुम्ही ऐकलं नाहीत, गाडीतच बसलात. अंगात ताप, मान सीटवर टेकलेली, आणि हात कडीवर. मी म्हणाले, मी हळू चालवते, झोपा तुम्ही. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "पूर्वाला हितं बसवू नको." मला वाटलं, तापात बोलताय. पूर्वा तेव्हा घरी होती. त्यानंतर तुम्ही गाडीत बसला नाहीत.

तर दहाव्याचं. परतताना मी चालवत होते, मागे हौद्यात बायका, आणि तुमच्या जागी नणंद. तोरण नव्हतं, ते बांधणारं कोणी नव्हतं, आणि सुतकात मला सुचलंही नव्हतं. पंचवटीतून मखमलाबाद नाक्याकडे वळलो. उजवीकडचं साधं वळण, तुम्ही रोज पांढऱ्या बोटांनी पार केलेलं. आणि दार उघडलं. पार बाहेर फेकलं गेलं, आणि त्याच्याबरोबर नणंदही अर्धी. तिने माझा दंड धरला, मी ब्रेक मारला. गाडी हळू होती म्हणून निभावलं, तिचा गुडघा फुटला तेवढाच. ती रस्त्याच्या कडेला बसून रडत होती, तुमच्यासाठी की गुडघ्यासाठी ते कळत नव्हतं. मी दार लावून बघितलं. लागलं. जरा ओढलं, उघडलं. दाराच्या चौकटीवरचं रबर बाजूला केलं, तर आत पत्राच नव्हता. लॉक अडकतं ती जागा गंजून भुसा झाली होती. बोट घातलं तर आत गेलं. आणि दाराच्या आतल्या कडीवरचा काळा रंग सगळा गेलेला, खालचं लोखंड तुमच्या चार बोटांपुरतं चकचकीत.

नणंदेला आणि बायकांना रिक्षाने पाठवलं. मी डॅशबोर्डचा खण उघडला, दार बांधायला काही मिळतंय का बघायला. आत सुतळीचे तुकडे होते, सगळे एका मापाचे कापून, जुडी बांधून ठेवलेले. फुलं कधी कमी असली तरी सुतळी कमी पडू नये म्हणून. तेव्हा मला कळलं की झेंडू शोभेला होता.

मी तशीच सलीम मिस्त्रींकडे गेले. दार बघून त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं, आणि मला तेच आधी दिसलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"ताई, आईंनी कसम घातली होती." ते खाली बघत होते. "घाटानंतर खाली पत्रा ठोकला ना आपण, तेव्हाच बघितलं होतं. फुलांचं पाणी चौकटीत उतरून सगळं आतून खाल्लं होतं. मी बोललो, चौकट कापून नवीन बसवावी लागल, गाडी आठ-दहा दिवस ठेवा. आई बोलल्या, एवढे दिवस गाडी दारात नाय दिसली तर थोरला इकून टाकल, मग पोरीची नोकरी जाईल. तेवढं करू नको. धरून बसते मी."

"आणि मी एकटी असताना?"

"त्याच्यासाठीच सुतळी. गाठ मीच दाखवत होतो, तर बोलल्या, गाठ तू मला शिकवतो का?"

हे ऐकून मला हसू आलं, आत्या. रडूही आलं, पण आधी हसू.

"मला का नाही सांगितलं? मी घरी बोलले नसते."

मिस्त्रींनी हात पुसले. "मी बी तेच बोललो, ताईंना सांगा. त्या बोलल्या, तिला कळलं तर ती सारखी दाराकडं बघल. तिनं पुढं बघून चालवावं. दाराचं मी बघते."

 चहा आला होता, तो थंड झाला. एवढी वर्षं मी त्या हाताचा एकच अर्थ लावला होता. तुमचा माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून तुम्ही कडी धरत होतात, असं नव्हतं. माझी नजर रस्त्यावरून ढळू नये म्हणून धरत होतात.

पण आता माझं ऐका. मला हे पटलेलं नाही. कृतज्ञता आहे, पोटभर आहे, ती काही जायची नाही. पण राग पण आहे. दिवाळीला कारखाना बंद असतो. तेव्हा गाडी टाकली असती, भाऊंना सांगितलं असतं रंग द्यायला दिलीय. तुम्ही आणि मी मिळून भाऊंना सहज गुंडाळलं असतं. तुम्ही मला सांगत नव्हतात, मी तुम्हाला सांगत नव्हते, आणि एकाच गाडीत बसून आपण दोघी एकाच माणसापासून दोन वेगळी गुपितं लपवत होतो. मिस्त्री दोघींची राखत होते. आणि तुम्ही पडला असता तर? सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या बोटांवर एवढं मोठं दार? आणि हे सगळं कशामुळे, तर टोपलीमुळे. मी सांगत होते, टोपली मागे ठेवा. तुम्हालाही ते कळलं होतं, म्हणूनच तुम्ही नंतर त्या भांडणात आवाज चढवायचं सोडलं होतंत. मला वाटायचं, थकलात.

नणंदेच्या गुडघ्यामुळे भाऊंपर्यंत सगळं पोचलंच. तेरावं झालं आणि ते आले. मी मनात तयारी करून बसले होते. ते म्हणतील भंगारात घाला, मी म्हणेन गाडी माझ्या नोकरीची आहे, आणि या वेळी मी लसूण सोलत बसणार नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, मिस्त्रींनी सांगितलं तसंच. 

"आईनं मला का नाय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, भाऊ?"

खोटं बोलत नाहीत ते, हे त्यांचं चांगलं आहे. "इकली असती," ते म्हणाले. मग उठले, बाहेर जाऊन गाडीशी उभे राहिले. आत आले तेव्हा डोळे लाल होते. "चौकट करून घे," मला म्हणाले. "चांगली करायला सांग. घाई करू नको म्हणावं. तवर मी सोडतो तुला सिन्नरला, टेम्पोनं."

आणि सोडलं त्यांनी, रोज. टेम्पोत शेजारी बसून मला कळलं की ते किती वाईट चालवतात.

काल गाडी आली. मिस्त्रींनी चौकट कापून नवीन पत्रा लावलाय, लॉक नवीन बसवलंय, पाणी निघून जायला खाली भोक ठेवलंय. आतली कडी पण नवीन लावणार होते, ती मी बदलू दिली नाही. भाऊ बघायला आले होते. त्यांनी दार चार वेळा लावून उघडून बघितलं, मग डाव्या बाजूला बसले, आणि मी त्यांना मळ्यापासून नाक्यापर्यंत फिरवून आणलं. त्या वळणावर त्यांचा हात कडीवर गेला. मी बघितलं आणि गिअर टाकला.

आज सकाळी मी आणि ह्यांनी क्रेटं भरली. गुलाब मागेच ठेवले, गोणपाट दोनदा गुंडाळून. पाकळी काळी पडली नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. थंडी होती, हीटर लावला आणि थांबले. कधी चावी फिरवायची ते कळेना. जरा लवकर फिरवली, गाडी खोकली आणि बंद पडली. पुन्हा थांबले, आणि दुसऱ्यांदा चालू झाली. ह्यांनी बाजारात क्रेटं उतरवली, तोरण बांधू का म्हणाले. मी म्हणाले, गरज नाही. मग मी एकटी निघाले. डावी सीट रिकामी, टोपली घरी. द्वारका, नाशिकरोड, शिंदे, पळसे. घाटात वळणं आली, मी त्या दाराकडे एकदाही बघितलं नाही. पुढे बघून चालवलं. घाट चढून गाडी सपाटीला लागली तेव्हा बघितलं. दार होतं तिथेच होतं.

आत्या, दार बसलंय. आता सोडा हात.